आयर्लंडबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने डब्लिनला आले त्याला आता बारा वर्षं झाली. दर फोनवर आणि दर सुट्टीत तेच ते प्रश्न येतात. नाशिकची आत्या तर अजूनही "लंडनला पाऊस आहे का गं?" असंच विचारते. मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही. वाचते, भटकते आणि दर मंगळवारी संध्याकाळी आयरिश भाषेच्या वर्गाला जाते, एवढंच भांडवल. प्रश्न जसे आठवले तसे लिहिलेत.

आयर्लंड म्हणजे इंग्लंडचाच भाग ना?

नाही. आणि हे इथल्या पबमध्ये मोठ्याने म्हणू नका. बेट एक आहे, राज्यं दोन. बेटावर एकूण ३२ काउंट्या आहेत, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. त्यांतल्या २६ मिळून आयर्लंडचं प्रजासत्ताक होतं. तो स्वतंत्र देश आहे, युरोपीय संघाचा सभासद आहे, चलन युरो, राजधानी डब्लिन. उरलेल्या ६ काउंट्यांचं उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डममध्ये आहे, तिथे पौंड चालतो आणि राजधानी बेलफास्ट. डब्लिनहून बसने बेलफास्टला निघालात तर सीमेवर ना नाका दिसतो ना कमान. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर आल्या की समजायचं, देश बदलला.

मग ही फाळणी झाली कशी?

मुळं बरीच मागे जातात. १६०७ मध्ये उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातले गेलिक, म्हणजे मूळचे आयरिश, सरदार देश सोडून गेले आणि १६०९ पासून त्यांच्या जमिनींवर स्कॉटलंड-इंग्लंडमधली प्रॉटेस्टंट कुटुंबं आणून वसवली गेली. तीनशे वर्षांनी बाकीचं बेट स्वराज्य मागू लागलं तेव्हा या वस्तीचे वंशज म्हणाले, आम्हाला लंडनच बरं. १९२० च्या कायद्याने रेघ ओढली, १९२१ पासून उत्तर आयर्लंड वेगळं चालू लागलं. तिथल्या कॅथलिक अल्पसंख्याकांना घरं, नोकऱ्या, मतदारसंघ सगळीकडे डावललं गेलं आणि १९६८ च्या सुमारास ते फुटलं. पुढच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. ३० जानेवारी १९७२ ला डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, १३ जण जागीच गेले. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने बंदुका थांबवल्या. चर्च दोन असली तरी हा वाद बायबलवरून नव्हता, आपण कुठल्या देशाचे यावरून होता. आजही त्या शहराला एक डेरी म्हणतो, दुसरा लंडनडेरी, आणि नवख्याने कुठलं नाव उच्चारलं यावर समोरचा मनात काहीतरी नोंद करतो.

तिथे इंग्रजीच बोलतात ना? आयरिश म्हणजे इंग्रजीची बोली?

आयरिश ही पूर्ण वेगळी, केल्टिक कुळातली भाषा. तिचं स्वतःचं नाव गेल्गे. १९३७ च्या राज्यघटनेप्रमाणे हीच देशाची पहिली राजभाषा, इंग्रजी दुसरी. प्रत्यक्षात उलटं आहे. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी "मला आयरिश येतं" असं लिहिलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले ७२ हजारांच्या आसपास. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही पट्ट्यांत, गॉलवे, केरी, डोनेगॉल या काउंट्यांत, ती घरात बोलली जाते. त्या भागांना गेलटाख्त म्हणतात.

तिथे मामेभावाची झालेली फजिती सांगते. केरीमध्ये एका पबच्या स्वच्छतागृहाच्या दोन दारांवर फक्त आयरिश शब्द होते. एकावर रोमन लिपीत एम-एन-ए, दुसऱ्यावर एफ-आय-आर. एफआयआर वाचून तो आधी हसला, मग "मॅन"सारखं दिसणारं पहिलं दार ढकललं. म्नॉ म्हणजे बायका. आतून जे शब्द आले ते मात्र अस्सल इंग्रजी होते.

पण "इंग्रजीच बोलतात" हेही अर्धंच खरं आहे. भाषा गेली तरी वाक्याची ठेवण राहिली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलवरची बाई म्हणाली, "आय अ‍ॅम आफ्टर ब्रेकिंग द कप." मला वाटलं हिला कप फोडायची इच्छा आहे. तिने तो नुकताच फोडला होता. आयरिशमध्ये 'नुकतंच केलं' हे 'करण्याच्या मागे आहे' अशा रचनेने सांगतात, ती रचना तशीच्या तशी इंग्रजीत उतरली आहे. कुणाला विचारा, "बाहेर पाऊस आहे का?" उत्तर "येस" येणार नाही, "इट इज" येईल. आयरिशमध्ये हो-नाहीला सुटे शब्दच नाहीत. क्रियापद परत म्हणायचं, आपण "जेवलास?" ला "जेवलो" म्हणतो तसं.

पण मग भाषा गेली कशी? इंग्रजांनी बंदी घातली?

बंदीचे कायदे झाले, पण केवळ कायद्याने भाषा मरत नाही. सत्ता, कोर्ट, जमिनीची कागदपत्रं सगळी इंग्रजीत गेली. १८३१ मध्ये सरकारी प्राथमिक शाळा सुरू झाल्या, त्याही इंग्रजी माध्यमाच्या. मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवायची, आयरिशमध्ये बोललेल्या प्रत्येक वेळेची तिच्यावर खाच पाडायची आणि संध्याकाळी खाचा मोजून छड्या मारायच्या. या काठीला बाता स्कोर म्हणत. आणि इथे वाचताना घशात अडकतं: त्या खाचा मास्तर पाडत तसे अनेक घरांत आईबापही पाडत. पोराला अमेरिकेला पाठवायचं तर इंग्रजी हवं, एवढा साधा हिशेब. पुण्यात माझ्या ओळखीच्या एका घरात मुलाला "से आजोबा, नॉट आबा" असं सांगताना मी ऐकलंय, तेव्हा ती काठी मला डोळ्यांसमोर दिसली.

भाषेवर शेवटचा घाव १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने घातला, कारण मेलेली आणि देश सोडून गेलेली माणसं प्रामुख्याने याच भाषेतली होती.

बटाट्याचा दुष्काळ म्हणजे नक्की काय? एक पीक गेलं म्हणून इतकी माणसं कशी मेली?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण विचारणारा खरंच गोंधळलेला असतो.

जमीन बहुतेक बड्या जमीनदारांची, त्यांतले बरेच इंग्लंडमध्ये राहणारे. खालच्या थरातल्या कुटुंबाकडे खंडाने घेतलेला एकरभर किंवा त्याहून लहान तुकडा. तेवढ्यात घर जगवू शकेल असं एकच पीक होतं. कष्टकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत ताक. त्यातही लंपर नावाची एकच जात सर्वत्र लावलेली, पिकायची भरपूर पण रोगापुढे टिकायची नाही. १८४५ च्या शरद ऋतूत करपा आला. पानं काळी पडायची आणि जमिनीतला बटाटा दोन-चार दिवसांत दुर्गंधी लगदा व्हायचा. १८४६ ला जवळजवळ सगळं पीक गेलं. १८४७ ला 'काळं सत्तेचाळीस' म्हणतात. त्या साली रोग कमी होता, पण लावायला बियाणंच उरलं नव्हतं आणि टायफसचा ताप पसरला होता.

त्याच वर्षांत ओट्स, लोणी, जनावरं बंदरांतून इंग्लंडला जातच होती, कारण ती खंड भरण्यासाठी पिकवलेली होती. लंडनच्या अर्थखात्यात मदतीची सूत्रं चार्ल्स ट्रेव्हेल्यनकडे होती. बाजारात ढवळाढवळ नको, फुकट दिलं तर लोक आळशी होतील, हे त्याचं ठाम मत. म्हणून उपाशी माणसांना खडी फोडायला आणि रस्ते बांधायला लावलं. पश्चिमेकडे गेलात तर कुठेही न पोचणारे असे रस्ते डोंगरात अजून दाखवतात. पुढे नियम आला की पाव एकराहून जास्त जमीन असलेल्याला मदत नाही. म्हणजे आधी जमीन सोडा, मग पेज घ्या. हाच ट्रेव्हेल्यन १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून आपल्याकडे आला. १८७६ च्या दख्खनच्या दुष्काळात खडी फोडून मूठभर धान्य घेणाऱ्या आपल्या माणसांबद्दल वाचलं असेल, तर ही विचारसरणी तुम्हाला ओळखीची वाटेल.

सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ मध्ये बेटाची लोकसंख्या ८२ लाखांच्या आसपास होती, १८५१ ला ६५ लाख. आज दोन्ही भाग मिळून ती ७० लाखांच्या थोडी वर आहे. पावणेदोनशे वर्षं झाली तरी आकडा भरून निघालेला नाही. असं दुसरं उदाहरण युरोपात शोधून दाखवा.

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठी कस्टम हाउसच्या पुढे काशाचे पुतळे आहेत. हाडाची काडं झालेली पाच-सहा माणसं बंदराकडे चाललीत, एकाच्या खांद्यावर पोतं टाकावं तसा माणूस टाकलेला आहे आणि मागून एक कुत्रं येतंय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कुत्रं सोबतीला आहे असं वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की तेही भुकेलेलं आहे.

आयरिश लोक कायम आपल्या बाजूने होते म्हणतात. खरं का?

अर्धं. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब आयरिश खासदार होते. भगिनी निवेदिता टायरोन काउंटीतल्या डंगॅननच्या. १९२० मध्ये जालंधर आणि सोलनला कनॉट रेंजर्स पलटणीतल्या आयरिश शिपायांनी मायदेशात चाललेल्या ब्रिटिश अत्याचारांच्या निषेधार्थ बंड केलं. जेम्स डेली या तरुण शिपायाला त्यासाठी २ नोव्हेंबर १९२० ला गोळ्या घातल्या.

आता दुसरी बाजू. जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर टिपररीचा, तोही कॅथलिक शेतकऱ्याचा मुलगा. डायर शिकला कॉर्क काउंटीतल्या मिडल्टनच्या शाळेत. याच मिडल्टनमध्ये आज स्टीलच्या नऊ उंच पिसांचं एक शिल्प उभं आहे. अमेरिकेतल्या चोक्टॉ आदिवासींना स्वतःच्या भूमीवरून हाकलून दिल्याला जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झाली होती, तेव्हा १८४७ मध्ये त्यांनी आयर्लंडच्या दुष्काळासाठी १७० डॉलर जमवून पाठवले, त्याची ती आठवण. एकाच गावात या दोन गोष्टी. साम्राज्याच्या फौजेत आणि कचेऱ्यांत आयरिश माणसं हजारोंनी होती, हे इथल्या शाळांत फार सांगत नाहीत. आपणही कुठे आपल्या शिपायांनी कुणाकुणावर गोळ्या झाडल्या ते शिकवतो म्हणा.

'बहिष्कार' हा शब्द आयर्लंडवरून आला का?

आपला शब्द जुनाच, इंग्रजी 'बॉयकॉट' मात्र तिकडचा. १८८० मध्ये मेयो काउंटीत लॉर्ड अर्नच्या जमिनींचा कारभार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत होता. खंड कमी करायला नकार दिला, कुळांवर निष्कासनाच्या नोटिसा काढल्या. लँड लीग या कुळांच्या संघटनेच्या सांगण्यावरून गावाने त्याला वाळीत टाकलं. मजूर गेले, धोबीण गेली, दुकानदार माल देईना, टपालवाला पोरगा पत्रं आणीना. शेवटी पीक काढायला अल्स्टरहून पन्नासेक माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक. ५०० पौंडांच्या पिकासाठी १०,००० पौंड खर्च झाले, असा हिशेब सांगतात. काही महिन्यांत कॅप्टनसाहेब देश सोडून गेले आणि त्यांचं आडनाव क्रियापद झालं.

आपल्याकडे वाळीत टाकणं हे गावाने दुबळ्यावर चालवलेलं हत्यार, इतकं की महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला. मेयोत तेच हत्यार खालून वर फिरवलं गेलं. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार या दुसऱ्या जातीचा.

१९१६ च्या उठावाचं एवढं काय? तो तर फसला ना?

आठवड्यात फसला. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. पॅट्रिक पिअर्सने डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयाच्या दारात उभं राहून प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. २९ तारखेला शरणागती. मधल्या दिवसांत साडेचारशेहून अधिक माणसं मेली, त्यांत निम्म्याहून जास्त साधे नागरिक. कैद करून नेताना डब्लिनकरांनीच बंडखोरांना शिव्या घातल्या. मग ब्रिटिशांनी चूक केली. मे महिन्यात दहा दिवसांत थोडे थोडे करत पंधरा जणांना गोळ्या घातल्या, घोट्याला गोळी लागून उभं राहता न येणाऱ्या जेम्स कॉनलीला तर खुर्चीत बसवून. लोकांचं मत तिथे फिरलं. १९१९ ते १९२१ गनिमी युद्ध झालं, डिसेंबर १९२१ मध्ये तह झाला आणि तहावरून आपसात यादवी. मायकेल कॉलिन्स लढला ब्रिटिशांशी आणि ऑगस्ट १९२२ मध्ये मेला आपल्याच माणसांच्या गोळीने.

आपल्यासाठी योगायोग असा की टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली ती एप्रिल १९१६ च्या अखेरीस, म्हणजे त्याच आठवड्यात. होमरूल हा शब्दही आयर्लंडकडून उचललेला. आणखी एक योगायोग मला फार आवडतो. पिअर्स शाळामास्तर होता, आयरिश-इंग्रजी अशी दुभाषी शाळा चालवायचा, शाळा कायम कर्जात. १९१३ मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात त्या शाळेच्या मदतीसाठी प्रयोग झाला तो रवींद्रनाथांच्या 'डाकघर'चा. तीन वर्षांनी तोच मास्तर खऱ्या डाकघराच्या दारात उभा होता.

एमपीएससीच्या पुस्तकात 'मार्गदर्शक तत्त्वे – आयर्लंड' असतं. खरंच घेतली का?

हो. १९३७ च्या आयरिश घटनेत ४५ वं कलम सामाजिक धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांचं आहे, न्यायालयात दाद मागता येणार नाही या अटीसकट. आपल्या घटनेतली ३६ ते ५१ ही कलमं त्या धर्तीवर आहेत. राष्ट्रपती निवडीची पद्धत आणि राज्यसभेवर नामनियुक्त सभासद नेमण्याची कल्पनाही तिकडचीच. माझी एक वकील मैत्रीण आहे, अस्सल कॉर्कची. तिला म्हटलं, तुमचं ४५ वं कलम आमच्याकडे लाखो मुलं पाठ करतात. ती म्हणाली, "आमच्याकडे ते मी सोडून कुणी वाचलंय का, शंका आहे."

एवढ्याशा देशात इतके लेखक कसे?

साहित्याची चार नोबेल: येट्स १९२३, शॉ १९२५, बेकेट १९६९, हीनी १९९५. 'युलिसिस' लिहिणाऱ्या जेम्स जॉइसला मिळालंच नाही, हे नोबेलचं दुर्दैव.

माझं उत्तर भाषेपाशीच येतं. दुसऱ्याच्या घरात वाढलेलं मूल कुठला दरवाजा कुरकुरतो ते मालकापेक्षा नीट ओळखतं, तसं यांचं इंग्रजीशी नातं आहे. आयरिश नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग याने स्वतःच लिहून ठेवलंय की विकलो काउंटीतल्या एका जुन्या घरात राहत असताना जमिनीच्या फळीतल्या फटीला कान लावून तो खाली स्वयंपाकघरात मोलकरणी काय बोलतात ते ऐकायचा. त्या बोलीत त्याने लिहिलेल्या नाटकावर १९०७ मध्ये अ‍ॅबी थिएटरात दंगल झाली. आयरिश खेड्याची बदनामी केली म्हणून! राष्ट्रवाद्यांना खेडूत हवा होता धुतल्या तांदळासारखा. बेकेटने वेगळीच वाट काढली. इंग्रजीत फार अलंकार सुचतात म्हणून तो फ्रेंचमध्ये लिहू लागला आणि मग स्वतःच इंग्रजीत आणू लागला.

ब्रायन फ्रीलचं 'ट्रान्सलेशन्स' हे १९८० चं नाटक मला यातलं मुकुटमणी वाटतं. १८३३, डोनेगॉलमधली गावशाळा, ब्रिटिश सैनिक नकाशा काढायला आलेत आणि गावांची नावं इंग्रजी वळणाची करताहेत. मंचावर सगळे इंग्रजीत बोलतात, पण गावकरी आयरिश बोलताहेत असं आपण धरायचं. दोन माणसं एकच भाषा बोलतात आणि एकमेकांना काहीच कळत नाही. नावांचं हे खरोखरच झालेलं आहे. बाल्या म्हणजे गाव, त्याचं 'बॅली' झालं. 'क्नॉक' म्हणजे टेकडी, 'किल' म्हणजे चर्च, हे अर्थ पुसून नुसते आवाज उरले. वाडी, खुर्द, बुद्रुक यांचा अर्थ कुणालाच कळेनासा झाला तर कसं वाटेल, तसं.

'ती फुलराणी'चा आयर्लंडशी काय संबंध?

पुलंनी ते ज्या 'पिग्मॅलियन'वरून केलं त्याचा लेखक बर्नार्ड शॉ डब्लिनचा. १८५६ चा जन्म, विशीत लंडनला गेला. उच्चारावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या इंग्रज समाजाची इतकी अचूक खिल्ली बाहेरून आलेल्या आयरिश माणसाने उडवावी, यात नवल नाही. भक्ती बर्वेंची फुलराणी पाहिलेले लोक मला विचारतात, "शॉ इंग्रज नव्हता?" नव्हता.

सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू?

'युलिसिस'पासून नको, कृपा करून. आधी जॉइसच्याच 'डब्लिनर्स' मधल्या कथा वाचा, १९१४ च्या आहेत, सरळ आहेत आणि शेवटची 'द डेड' वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणाशी बोलू नका. मग शेमस हीनीची 'डिगिंग' ही कविता: खाली वडील फावड्याने खणताहेत, वर खिडकीत मुलाच्या हातात पेन. शेतकऱ्याच्या घरातून शिकून बाहेर पडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. हीनी उत्तर आयर्लंडचा. १९८२ मध्ये त्याला ब्रिटिश कवींच्या संग्रहात घातलं, तर मी ब्रिटिश नाही हे त्याने पुढच्या वर्षी जाहीर पत्राने कळवलं, आणि ते पत्रही पद्यात. आजच्यांपैकी क्लेअर कीगन वाचा, शंभरेक पानांत मावते.

'युलिसिस' वाचायचंच तर १६ जूनला इथे या. कादंबरी घडते तो १९०४ चा दिवस. लोक जुन्या हॅट घालून रस्त्यावर वाचन करतात आणि नायकाने लिंबाचा साबण घेतला त्या एकेकाळच्या औषधाच्या दुकानात अजून तो साबण मिळतो. मी दोन घेतले होते. एक आत्याला दिला, तिने तो दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला वापरला.

त्यांचं महाभारत-रामायण काय?

सगळ्यात मोठी कथा 'टॉन बो कूलिन्या', म्हणजे कूलीची गुरं पळवल्याची गोष्ट. कनॉटची राणी मेव्ह आणि तिचा नवरा एका रात्री कुणाची मालमत्ता जास्त यावर भांडतात. सगळं सारखं निघतं, फक्त नवऱ्याकडे एक पांढरा वळू जास्त. तेवढ्यावरून राणी अल्स्टरवर स्वारी करते, तिथला तपकिरी वळू आणायला. अल्स्टरचे योद्धे शापाने आजारी, म्हणून कू खुलिन हा पोरसवदा वीर एकटा फौज अडवतो. विराटपर्वातलं गोग्रहण आणि एकटा लढणारा अर्जुन आठवतोच. संबंध जोडू नका मात्र. गुरं हीच संपत्ती असलेल्या कुठल्याही समाजात ही गोष्ट होणारच.

ती नावं वाचायची कशी?

रोमन लिपी पाहून घाबरू नका, देवनागरीत सोपी आहेत: शिव्हॉन, नीव्ह, ईफा, सीर्शा. शेवटच्या नावाचा अर्थ स्वातंत्र्य. पंतप्रधानाला टीशख म्हणतात, लोकसभेला डॉल.

वराडकर खरंच मालवणचे?

वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आई आयरिश, वॉटरफर्ड काउंटीतली. लिओ वराडकर २०१७ मध्ये ३८ व्या वर्षी टीशख झाले, डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ पुन्हा. डिसेंबर २०१९ मध्ये पदावर असताना ते कुटुंबासह वराडला जाऊन आले. इथल्या ऑफिसात मी '-कर' म्हणजे गाव कसं ओळखायचं यावर छोटं व्याख्यानच दिलं होतं.

देश फार कर्मठ कॅथलिक आहे ना?

होता. घटस्फोट १९९५ च्या सार्वमतात जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या फरकाने मंजूर झाला. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या आणि इतर 'बिघडलेल्या' ठरवलेल्या मुलींना कॅथलिक नन चालवत असलेल्या धुलाईघरांत राबवत. शेवटचं धुलाईघर बंद झालं १९९६ मध्ये, सरकारने माफी मागितली २०१३ मध्ये. मग मात्र वेगाने पालटलं. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला ६२ टक्के मतांनी होकार मिळाला, सार्वमताने असं करणारा हा पहिला देश.

गर्भपाताच्या प्रश्नात आपलं एक माणूस आहे. सविता हलप्पनवार, बेळगावची, दंतवैद्य. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेत तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तरी गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तिने मागूनही गर्भपात केला गेला नाही. जंतुसंसर्गाने ती गेली. ३१ वर्षांची होती. मे २०१८ मध्ये ६६ टक्के लोकांनी घटनेतली बंदी काढायला मत दिलं. त्या दिवसांत डब्लिनच्या एका भिंतीवर तिचा चेहरा रंगवला होता आणि येणारे-जाणारे त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत होते. मी गेले तेव्हा तिच्या हनुवटीपर्यंत चिठ्ठ्या पोचल्या होत्या. बहुतेकींवर एकच शब्द: सॉरी.

सेंट पॅट्रिक डेला सगळं हिरवं का? आणि हर्लिंग काय असतं?

१७ मार्च. पॅट्रिक पाचव्या शतकातला धर्मोपदेशक. हिरवा रंग आणि मिरवणुका यांचं आजचं रूप बरंचसं अमेरिकेत गेलेल्यांनी घडवलं. हर्लिंग म्हणजे हॉकी, कुस्ती आणि विटीदांडू एकत्र केले तर जे होईल ते. अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ८२ हजार लोक आणि खेळाडूंना मानधन शून्य. सामना संपला की तो गडी पुन्हा आपल्या नोकरीवर हजर.

आयरिश शिकायला अवघड आहे का?

इंग्रजीवाल्यांना आहे. आपल्याला तेवढं नाही, हे मला वर्गात कळलं. 'माझ्याकडे पुस्तक आहे' याला त्यांच्याकडेही 'हॅव' नाही, 'पुस्तक माझ्यापाशी आहे' म्हणतात. 'मला भूक लागली' याला "टॉ ओक्रस ऑरम", म्हणजे भूक माझ्यावर आहे. सर्दी, लाज, दुःख सगळं असंच माणसावर येऊन बसतं. नमस्कार म्हणजे "डिया ग्विट", देव तुझ्यापाशी असो. त्यावर उत्तर देताना देवासोबत मेरीचंही नाव घ्यायचं. पलीकडच्याने एक राम म्हटला तर आपण दोन म्हणायचे, तसं काहीसं.

वर्गात आम्ही नऊजण, मी सोडून सगळे आयरिश. शाळेत तेरा-चौदा वर्षं ही भाषा शिकलेले आणि तरी वाक्य जुळवताना घाम फुटणारे. गेल्या मंगळवारी बाईंनी एकेकाला विचारलं, भूक आहे का तुझ्यावर? साठीचे एक निवृत्त बसचालक अडले. डोक्यात 'येस' तयार होता आणि त्याला शब्द सापडत नव्हता. माझी पाळी आली. मी म्हटलं, "टॉ." आहे.